निरोगी गवताला औषध

प्रयोगातून आकडे निघावेत अशी अपेक्षा असते. आमच्या प्रयोगातून आकडे थोडे निघाले आणि किस्से इतके, की त्यांच्यासाठी वेगळी वही घालावी लागली. आकड्यांची वही कुणी मागत नाही. किश्शांची वही प्राचीने वाचायला नेली, ती अजून तिच्याकडेच आहे. म्हणून हे आठवणीतून सांगतोय. माझ्या आठवणीवर माझा फारसा भरवसा नाही, तेव्हा प्राचीने एखादी गोष्ट वेगळी सांगितली तर तिचं खरं धरा.

प्राची माझी जुनी विद्यार्थिनी. आता भिवंडीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मी त्याच विषयाचा निवृत्त प्राध्यापक. नावामागे डॉक्टर आहे, पण गॅस बंद केलाय का हे पाहायला मी जिन्यातून दोनदा परत वर जातो. अशा माणसाला प्राचीने तिच्या लॅबमध्ये एक टेबल, एक मायक्रोस्कोप आणि खिडकीजवळची खुर्ची दिली. का दिली, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

*

प्रयोगाची जागा वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका गावात, दामू भोईरच्या रानात. दामूचा धंदा गवताचा. पावसाळा संपला की कापायचं, वाळवायचं, गठ्ठे बांधायचे आणि तबेल्यांना द्यायचं. त्याच्या ओट्यावर बसून मी त्याला प्रयोग समजावला, तो दिवस माझ्या लक्षात आहे.

"गवताच्या मुळांत एक बुरशी राहते," मी म्हणालो. "ती रोगाची नव्हे. गवताची मुळं जिथे पोचत नाहीत तिथून ही खत-पाणी ओढून आणते. बदल्यात गवत तिला साखर देतं. आता तिचा उपयोग नेमका किती, हे मोजायचं तर काही तुकड्यांत औषध ओतून ती मारायची, काही तुकड्यांत नुसतं पाणी घालून ती राहू द्यायची, आणि मग दोन्हीकडचं गवत तोलायचं."

दामूने थोडा विचार केला.

"म्हंजे बायको म्हायेरी गेली का कळतं, तसं."

आतून त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज आला, "कळतं तर बोलत का न्हाय कवा?"

मी चाळीस मिनिटांचं भाषण तयार करून नेलं होतं. ते तसंच पिशवीतून परत आणलं.

*

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पस्तीसेक वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, मी याच गावात आलो होतो. दामूच्या घराशेजारी एक उतरण आहे. तिथलं मारवेल गवत त्या वेळी पंचक्रोशीत नावाजलेलं. दामूच्या वडिलांनी मुळं दाखवली, मला त्यावर पांढरे धागे दिसले. मी रोगांवर डॉक्टरेट केलेला माणूस. मला धागा दिसला की रोगच दिसायचा. मी बुरशीनाशकाची आळवणी सांगितली, म्हणजे औषध पाण्यात कालवून मुळाशी ओतायचं. दोन पावसाळे त्यांनी ते केलं. पाण्याची पिंपं खांद्यावर घेऊन एक तरणा पोरगा उतरण चढताना मला दिसायचा. मग माझी बदली झाली. पुढे कळलं की उतरणीवरचं मारवेल विरळ होत गेलं आणि गुरं तोंड लावत नाहीत ती कुसळी माजली. आणि आणखी पुढे, पुस्तकांतून, कळलं की मुळांवरच्या बुरश्या सगळ्याच शत्रू नसतात.

गवत माझ्यामुळे गेलं, की दोन वर्षं पाऊस कमी पडला म्हणून, की वणव्याने? हे मला मरण्यापूर्वी कळायला हवं होतं. म्हणून हा प्रयोग. औषध घातलेले तुकडे खुरटले तर मी दोषी, नाही खुरटले तर सुटलो. आपला प्रयोग फसावा म्हणून देवाला हात जोडणारा मी बहुधा एकटाच संशोधक असेन.

हे फक्त प्राचीला माहीत होतं. दामूला सांगायचं मी प्रत्येक फेरीत ठरवायचो आणि चहा पिऊन परत यायचो. त्याच्या ओट्यावर बसताना उतरणीकडे पाठ करून बसायचो. ऊन डोळ्यांवर येतं, असं कारण देत असे. ऊन दुसऱ्या बाजूने यायचं.

*

औषध आणायला धामणकर नाक्यावरच्या एका खत-बियाण्याच्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीतला.

"रोग कुठला, काका?"

"रोग नाही."

"पानं पिवळी पडलीत?"

"हिरवीगार आहेत."

"मुळं कुजलीत?"

"उत्तम आहेत."

"मग औषध कशासाठी?"

"सगळं चांगलं चाललंय, ते बिघडवून बघायचंय."

त्याने काउंटरवर ठेवलेलं पाकीट अलगद उचललं आणि मागच्या फळीवर ठेवलं. मला खुर्ची दिली. पाण्याचा ग्लास दिला. मग समोर स्टूल घेऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, घरी कोण कोण असतं?"

शेवटी प्राचीला फोन लावून द्यावा लागला. तिने सगळं सांगितल्यावर पाकीट मिळालं. पण आजही मी रिक्षाने नाक्यावरून गेलो आणि त्याने पाहिलं, तर तो हात वर करून विचारतो, "काका, बरंय ना?" बरं आहे, असं मी सांगतो, आणि त्याने विचारलं म्हणून तेवढा वेळ ते खरंही असतं.

*

रानातल्या तुकड्यांबरोबर घरी गॅलरीत काही कुंड्याही लावायच्या होत्या. कुंड्यांची माती निर्जंतुक हवी. कॉलेजचं मशीन बंद पडलेलं, म्हणून मी घरचा कुकर घेतला. मालती, माझी पत्नी, बहिणीकडे गेली होती. ती ठरल्यापेक्षा लवकर आली. तेव्हा तिसरी शिट्टी होत होती.

"काय शिजतंय?"

"माती."

चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझ्याकडून बरीच उत्तरं मिळाली आहेत. तिने पर्स ठेवली, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "मातीला तीन शिट्ट्या पुरतात? राजमा असतो तर मी पाच केल्या असत्या."

मी पुस्तकात पाहिलं. खरोखरच वेळ कमी पडत होता. त्या कुकरवर तिने नंतर नेलपॉलिशने 'माती' असं लिहिलं आणि स्वतःसाठी दुसरा आणला. वैज्ञानिक चूक दाखवून दिल्याबद्दल मी तिचे आभार मानले. ती म्हणाली, "आभार राहू दे, ओटा पूस."

*

रानात चोवीस तुकडे आखले, प्रत्येक साधारण एका खाटेएवढा. मधे चर खणले, खुंट्या मारल्या, खुंट्यांवर नंबर घातले. बारांना औषध, बारांना पाणी. कुठल्याला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं, नाहीतर माणूस नकळत पक्षपात करतो. चिठ्ठ्या सुमनवहिनींनी उचलल्या. सात नंबरला औषध आलं.

तीन आठवड्यांनी आम्ही दुसऱ्या आळवणीला गेलो तेव्हा वहिनी बांधावर उभ्या होत्या.

"सातला परत औषध?"

"एकदा चिठ्ठी निघाली की तेच शेवटपर्यंत."

"त्याचं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही, वहिनी. नशिबाने ठरतं."

"चुकलं न्हाय तरी औषध प्यायचं," त्या म्हणाल्या आणि सात नंबरकडे अशा बघत राहिल्या, जसं आपण शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या केलेल्या मुलाकडे बघतो.

*

पहिल्या पावसाळ्यात एके दिवशी प्राचीचा फोन आला. "सर, रानात म्हैस शिरलीय."

मला आधी आकड्यांची काळजी वाटली, मग म्हशीची. औषध घातलेलं गवत जनावराच्या पोटात जाता कामा नये. ते आम्ही कापून वेगळं खड्ड्यात पुरणार होतो. मी रिक्षा करून गेलो. चिखल होता. माझी सवय अशी की अनोळखी जमिनीवर छत्रीचं टोक आधी टेकवून बघायचं आणि मगच पाऊल टाकायचं. तसा टोचत टोचत मी पोचेपर्यंत म्हैस जेवून रवंथ करत बसली होती.

आम्ही एकेक तुकडा तपासला. तिने चार खाल्ले होते. चारही पाण्याचे. औषधाच्या एकालाही तोंड लावलेलं नव्हतं.

"सर," प्राची म्हणाली, "हिला सहलेखक करायचं का?"

तरी मी संध्याकाळपर्यंत म्हशीजवळ बसून राहिलो. दामूने सांगितलं, "सर, तिला काय झालेलं न्हाय. तुमी तिच्याकडं असं बघू नका, ती घाबरते."

*

मुळातली बुरशी दिसत नाही. मुळं कॉस्टिक सोड्यात उकळून पारदर्शक करायची, मग निळा रंग द्यायचा, की धागे उठून दिसतात. आमचा निळा रंग संपला आणि नवा येईना. तेव्हा उपयोगी पडले रफीकचाचा. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात, डाइंगमध्ये कलर मास्टर होते. सकाळी आम्ही एकत्र फिरतो.

"निळी शाई आहे?" चाचांनी विचारलं.

"शाईने रंगत नाही, चाचा. बसत नाही ती."

"खटाई डाली?"

"कशात?"

"सर, पचास साल भिवंडी का कपडा रंगा है मैंने. खटाई के बगैर रंग बैठता है कहीं? सिरका डालो."

शाईत व्हिनेगर घातलं आणि रंग बसला. इतका सुरेख, की प्राचीने शोधाशोध केली, तर जगात बरेच जण हेच करतात असं निघालं. मी पुस्तकं वाचून डॉक्टर झालो, पण हे पान माझ्याकडून राहिलं होतं.

मग चाचा लॅबमध्येच यायला लागले. त्यांना मायक्रोस्कोपही लागायचा नाही. काचेवर मुळं पसरून उजेडात धरायचे आणि सांगायचे, "ये पक्का. ये कच्चा. ये कच्चा. ये पक्का." पक्का म्हणजे निळं, बुरशी आहे. कच्चा म्हणजे औषधाचा तुकडा. पहिल्या वर्षी चोवीसपैकी एकातही चुकले नाहीत.

आणि पहिल्या वर्षी औषधाचे तुकडे खुरटलेच. मूठभर गवत निघालं, तेही पिवळं. घरी आलो आणि मालतीला म्हणालो, "मीच होतो ते." तिने मला गॅस बंद केलाय, एवढंच दोनदा सांगितलं.

*

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मानकोलीकडून एक जमिनीचा दलाल मोटारीतून आला. गोडाऊनसाठी जागा हवी होती. दामूला विकायची नव्हती, पण नाही म्हणायची त्याला लाज. दलाल रान बघायला गेला आणि दहा मिनिटांत रागाने परत आला.

"आधी सांगायचं ना, सर्व्हे झालाय म्हणून! चोवीस प्लॉट पाडून नंबरसुद्धा टाकलेत. आम्हाला कशाला खेळवता?"

धूळ खाली बसल्यावर दामू मला म्हणाला, "सर, प्रयोग संपला तरी खुंट्या राहू देत."

*

आता शेवटचा किस्सा.

दुसऱ्या वर्षीचं गवत आम्ही कापलं, वाळवलं, तोललं. औषधाचं आणि पाण्याचं सारखंच भरलं. मी तीनदा तोललं. औषध तेच, माप तेच, आणि गवत गुडघ्याएवढं. म्हणजे पहिल्या वर्षीचं खुरटणं दुसऱ्या कशाने तरी असणार. म्हणजे मी नव्हतो. त्या दिवशी मी कुणालाही न विचारता किलोभर जिलेबी आणली, आणि गॅस बघायला एकदाही परत गेलो नाही.

प्राचीने जिलेबी खाल्ली, पण आकडे तिला पटले नव्हते. तिने मुळं रंगवली. चाचांनी काच उजेडात धरली.

"पक्का. पक्का. पक्का." मग त्यांनी काच खाली ठेवली. "सर, सब पक्का है. इसमें कच्चा तो एक भी नहीं."

बुरशी मेलीच नव्हती. किंवा मेली होती आणि परत आली होती.

मी आणि प्राची तसेच गावाला गेलो. सुमनवहिनी ओट्यावर विळीवर भेंडी चिरत होत्या, दामू शेजारी दोर वळत बसला होता. प्राचीने विचारलं, "काकू, तुकड्यांत कुणी काही घातलं का?"

"माती घातली," वहिनी म्हणाल्या. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"कुठली माती?"

"इहिरीजवळच्या गवताखालची. तुमी औषध ओतून गेलात का आठ दिवसांनी मूठमूठ पुरायची. दही लागत न्हाय तवा शेजारणीकडनं चमचाभर विरजण आनतो, तसं. गेल्या साली पार पिवळं पडलं, म्हनून औंदा आधी सातलाच घातली. मग बाकीच्यांनी काय पाप केलंय, म्हनून सगळ्यांना."

प्राची पायरीवर बसली. "काकू, दोन वर्षांचं काम होतं ते."

"गवत बरं झालं ना?"

"झालं."

"मग?"

मी विचारलं, "वहिनी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी भेंडीनेच माझ्या पाठीमागे दाखवलं. "सासूबाईंनी. ती वरची उतरण हाय ना, तिकडं पार कुसळी माजलेली. कोन एक सर येऊन औषध देऊन गेलेले. सासूबाई दर पावसाला पाटीपाटी माती घेऊन वर जायच्या. त्यांच्या मागनं मी. बारा-पंधरा वर्सं लागली."

मी वळलो. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला पाहिलं. उतरण वरपासून खालपर्यंत मारवेलने भरली होती.

"वहिनी," मी म्हणालो, "ते सर मीच."

भेंडी चिरण्याचा आवाज थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या दामूकडे बघत होत्या.

"बघा. बोलले का न्हाय? काढा गाडी."

मला काही समजेना. वहिनींनी प्राचीला सांगितलं, "पयल्याच दिवशी ह्यांनी सरांना वळखलं. छत्री टोचत टोचत आले ना, तवाच. तवासुदा असंच चालायचे म्हनं. हे बोलले, सर कवा कबूल करायचे न्हाईत. मी बोलले, करतील. हे हरले तर मला वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं ठरलेलं. दोन वर्सं झाली, गुडघे धरून वाट बघतेय."

दामूने निमूटपणे टेम्पो काढला. आम्हा दोघांनाही बसवलं. वाटेत प्राचीने वही उघडली. औषध आणि पाणी असे दोन रकाने होते. तिने तिसरा आखला आणि त्यावर लिहिलं: 'औषध, मग काकूंची माती'. पुढच्या वर्षी तीन प्रकारचे तुकडे करायचे, असं वहिनींशी तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वहिनींची अट एकच होती: "सात नंबर माझ्याकडं."

कुंडावर त्या दोघी बायकांच्या बाजूला गेल्या. मी आणि दामूने पायरीवर बसून गरम पाण्यात पाय सोडले.

"दामू," मी म्हणालो, "पहिल्या दिवशी ओळखलंस. मग दोन वर्षं बोलला का नाहीस?"

दामू पाण्यात पाय हलवत राहिला.

"सर, तवा पिंपं घेऊन उतरणीवर कोन चढायचा, आठवतं?"

"एक तरणा पोरगा होता. चेहरा नाही आठवत."

"औषध तुमी दिलं," दामू म्हणाला. "ओतलं मी. बा मरेपर्यंत त्या उतरणीकडं बघत न्हवता, आन् मी बाच्याकडं. मी कोनाला बोलनार होतो?"

भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला.

"एवढ्यात उठू नका. बसा जरा दोघं."